‘झपाटलेला’ : भय, हास्य आणि घरचा पडदा

भयानक आणि हास्य हे परस्परविरोधी रस होत, असे विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त सांगून ठेवले आहे. हास्याला भयानक आणि करुण हे दोन रस मारक. आणि भयानकाला जे रस मारक, त्यांतही पुन्हा हास्याची गणना आहेच. चौदाव्या शतकातील ही व्यवस्था वाचून आजचा वाचक कदाचित स्मित करील. भुताच्या गोष्टीला भीत भीत हसणे हा त्याच्या नित्याच्या करमणुकीचा भाग झाला आहे, आणि या करमणुकीला चित्रपटव्यवसायाने एक स्वतंत्र दालनही उघडून दिले आहे. परंतु विश्वनाथाचे म्हणणे इतक्या सहजी मोडीत काढण्याजोगे नाही. भय आणि विनोद यांची मोट बांधणारे चित्रपट पुष्कळ निघतात. त्यांतील बहुसंख्य धड भीतिदायकही नसतात आणि धड विनोदीही नसतात. म्हणजे विरोध खरा आहे. तो जेथे मिटलेला दिसतो तेथे कोणत्या उपायाने मिटला, हे पाहणे समीक्षकाचे काम होय.

मराठीत हा विरोध मिटविण्यात ज्याला निःसंशय यश आले असा चित्रपट म्हणजे महेश कोठारे दिग्दर्शित ‘झपाटलेला’ (१९९३). त्याचा उत्तरभाग ‘झपाटलेला २’ हा २०१३ साली, म्हणजे बरोबर वीस वर्षांनी, निघाला. या वीस वर्षांत मूळ चित्रपट चित्रपटगृहातून केव्हाच उतरला होता. परंतु तो व्हिडिओ कॅसेटवर, केबलवर, पुढे सीडीवर आणि उपग्रह वाहिन्यांवर अखंड चालू होता. आज ज्यांना तो तोंडपाठ आहे त्यांतील फार मोठा वर्ग त्याला घरच्या पडद्यावरच भेटलेला आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन एवढेच की, पहिल्या चित्रपटाचे यश बाहुल्यात नव्हते, बाहुल्याला भिणाऱ्या माणसात होते. घरबसल्या पुनःपुन्हा पाहण्याच्या सवयीने ते यश बाहुल्याच्या खात्यावर जमा झाले. आणि उत्तरभाग या चुकीच्या जमाखर्चावर उभा राहिला.

कथा सर्वश्रुत असली तरी थोडक्यात सांगणे अवश्य आहे. तात्या विंचू नामक एक कुख्यात गुन्हेगार बाबा चमत्कार या मांत्रिकाकडून मृत्युंजय मंत्र मिळवितो. या मंत्राने मरणाऱ्याचा आत्मा दुसऱ्या देहात वा वस्तूत शिरतो. पोलीस अधिकारी महेश जाधव याच्या गोळीने घायाळ झालेला तात्या मरतेसमयी तो मंत्र म्हणतो आणि जवळच असलेल्या एका बाहुल्यात प्रवेश करतो. हा बाहुला लक्ष्मीकांत बोलके ऊर्फ लक्ष्या या भोळ्या तरुणाच्या हाती येतो. बाहुला बोलतो, चालतो, खून करतो. लक्ष्या ओरडून सांगतो. कोणी विश्वास ठेवीत नाही, उलट संशय त्याच्यावरच येतो. पुढे तात्याला कळते की, पुन्हा मनुष्यदेह मिळवावयाचा तर ज्याच्यापाशी आपले रहस्य प्रथम उघड केले त्याच्याच शरीरात शिरले पाहिजे. तो मनुष्य अर्थातच लक्ष्या. शेवटी बाहुल्याच्या दोन भुवयांच्या मध्ये गोळी लागते आणि संकट टळते.

हा सांगाडा उसना आहे. टॉम हॉलंड दिग्दर्शित ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या अमेरिकन चित्रपटात चार्ल्स ली रे हा खुनी मरताना आपला आत्मा एका खेळण्यात घालतो. ते खेळणे, ‘चकी’, सहा वर्षांच्या अँडी नामक मुलाच्या घरी येते. आणि पुढे देहबदलाची तीच अट, तोच अविश्वास. उसनवारी झाली म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. शेक्सपिअरपासून देवलांपर्यंत ज्याने कोणी नाटक लिहिले त्याने दुसऱ्याच्या अंगणातली माती आणलीच आहे. पाहावयाचे ते हे की, आणलेल्या मातीचे येथे काय घडविले. हिंदीतही १९९६ साली ‘पापी गुड़िया’ या नावाने याच कल्पनेचा एक चित्रपट निघाला. तो आज कोणाच्या स्मरणात फारसा नाही. ‘झपाटलेला’ मात्र ‘खिलौना बना खलनायक’ (१९९५) या नावाने हिंदीत अनुवादित होऊन पुन्हा निघाला. उसनवारी दोघांचीही, फरक बदलांत आहे.

पहिला बदल बाहुल्याच्या कुळाचा. अमेरिकन चकी हे कारखान्यात हजारोंनी तयार होणारे, दूरचित्रवाणीवर जाहिरात होणारे, मुलाने आईपाशी हट्ट धरून मागितलेले खेळणे आहे. तेथील भय हे बाजाराचे भय आहे: घराघरात जी वस्तू सारखी दिसते तीत एखादीच विखारी निघावी. १९९३ सालच्या मराठी खेड्यात असला बाजार कोठून आणावयाचा? कोठारे यांनी त्याऐवजी बोलक्या बाहुल्याची परंपरा घेतली. यशवंत पाध्ये यांनी घडविलेला अर्धवटराव आणि त्याला घेऊन १९६७ पासून रंगमंचावर आलेले त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये, हे महाराष्ट्राच्या घरोघरी परिचित होते. आणि तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्ये यांनीच तयार केला. नायकाचे आडनाव ‘बोलके’ आहे आणि त्याला बाहुल्यांच्या खेळाची हौस आहे, ही गोष्ट केवळ गमतीची नाही. तीत चित्रपटाचे मर्म आहे.

शब्दभ्रमाच्या खेळात बाहुला नेहमीच उद्धट असतो. तो आपल्या धन्याला उलटून बोलतो, पाहुण्यांची टिंगल करतो, सभ्य माणसाने जे बोलू नये ते बोलतो. आपण हसतो, कारण बोलणारा दुसराच आहे हे आपणांस ठाऊक असते. बाहुल्याचा आगाऊपणा हा धन्याने स्वतःस दिलेला परवाना आहे. आता हा धनी मधून काढून टाका. आगाऊपणा तसाच राहिला, आवाज तसाच किरटा राहिला, परंतु ओठ न हलविता बोलणारे माणूस मागे नाही. हसण्याचे कारण जागच्या जागी आहे. हसण्याचा आधार मात्र गेला. ‘झपाटलेला’तील भयाची जात ही आहे. शिवाय लक्ष्या हा स्वतःच बाहुल्याला बोलते करण्याच्या नादातला. त्याच्याजवळचा बाहुला बोलतो यात गावकऱ्यांना आश्चर्य ते काय वाटावे? ज्याचा धंदाच खोटे बोलविणे, त्याचे खरे कोण मानील? अमेरिकन चित्रपटात मुलावर कोणी विश्वास ठेवीत नाही, कारण ते मूल आहे. येथे प्रौढ माणसावर कोणी विश्वास ठेवीत नाही, कारण तो कलावंत आहे, गरीब आहे आणि थोडा वेंधळा आहे. हा बदल मूळापेक्षा अधिक बोचरा आहे, असे आमचे मत आहे.

दुसरा बदल लहानसा, परंतु लक्षणीय. चकीला मारावयाचे तर हृदयावर नेम धरावा लागतो. तात्या विंचूला भ्रूमध्यावर. जेथे टिळा लावावयाचा, जेथे योगशास्त्राने आज्ञाचक्राचे स्थान सांगितले, तेथेच या आत्म्याचे मर्मस्थान असावे हे मराठी प्रेक्षकाला न सांगता पटते. हीच गोष्ट नावांची. ‘कुबड्या खवीस’ हे तात्याच्या साथीदाराचे नाव ऐकताच मुंजा, समंध, झोटिंग, हडळ, खवीस ही आपल्या लोककथांतील सारी जात्युतरंड डोळ्यांसमोर येते; आणि त्याच वेळी ते नाव एका गुंडाचे आहे म्हणून हसूही येते. नावातच दोन्ही रस एकत्र बसविण्याची ही युक्ती सबंध चित्रपटात चालू आहे. (येथे एक अप्रिय गोष्टही नोंदविली पाहिजे. बाबा चमत्काराचे पात्र हास्यास्पद रंगविले असले तरी त्याचा मंत्र खरा ठरतो. मांत्रिकाला हसावयाचे आणि मंत्रावर कथा चालवावयाची, ही या चित्रपटाची सोयीस्कर दुटप्पी भूमिका आहे. भूतविनोदाच्या बहुतेक चित्रपटांना हा दोष लागू पडतो.)

आता मूळ प्रश्नाकडे वळू. विरोधी रस एकत्र आणावयाचे तर काय करावे, याचा विचार आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्द्योतात केला आहे. जे रस एकाच आश्रयात, म्हणजे एकाच पात्राच्या ठिकाणी, नांदू शकत नाहीत ते भिन्न आश्रयांत ठेवावेत. नायकाच्या ठिकाणी वीर रस असेल तर भयानक प्रतिनायकाच्या ठिकाणी दाखवावा. जे रस लागोपाठ आले असता एकमेकांस मारतात त्यांच्या मध्ये तिसरा रस घालावा. ‘झपाटलेला’च्या कर्त्यांनी हे वाचले असेल असे म्हणण्याचा हेतू नाही. परंतु त्यांनी जे केले ते नेमके हेच आहे. भयाचा आश्रय लक्ष्या. हास्याचा आश्रय लक्ष्याभोवतीचे गाव, पोलीस, शेजारीपाजारी. प्रेक्षक मात्र या दोहोंच्या मध्ये बसविला आहे. तात्याचा आत्मा बाहुल्यात शिरताना त्याने पाहिला आहे, म्हणून लक्ष्या खरे बोलतो हे त्याला ठाऊक आहे. आणि लक्ष्या ज्या पद्धतीने खरे बोलतो ती इतकी केविलवाणी आहे की गावकऱ्यांचे हसणेही त्याला कळते. प्रेक्षक लक्ष्याबरोबर भितो आणि लक्ष्याला हसतो. आणि दोहोंच्या मध्ये, अचेतन वस्तूने डोळे मिचकावण्याचा जो अद्भुताचा क्षण आहे, तो तिसऱ्या रसाचे काम करतो.

लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या अभिनयाचे मोल येथे कळते. त्यांच्याविषयी लिहिताना ‘धमाल’, ‘हास्यसम्राट’ असल्या शब्दांनी काम भागविण्याची प्रथा पडली आहे. त्यांचा घाबरटपणा हा विनोदी नटाचा ठरीव घाबरटपणा नव्हे. तो शब्द अडखळत उच्चारतो, वाक्य अर्धवट सोडतो, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर अविश्वास उमटला की स्वतःच्याच डोळ्यांवर शंका घेऊ लागतो. नाट्यशास्त्रात भरताने हास्य आणि भय हे दोन्ही विशेषेकरून स्त्रिया आणि नीच प्रकृतीची पात्रे यांच्या ठिकाणी आढळतात असे म्हटले आहे. त्या वर्गवारीतील सामाजिक उद्दामपणा आज आपण स्वीकारणार नाही. पण तीत दडलेले निरीक्षण मोलाचे आहे. ज्याच्या हाती सत्ता नाही तोच भितो, आणि त्यालाच लोक हसतात. विश्वनाथाला जे विरोधी वाटले ते भरताला एकाच वस्तीत राहताना दिसले होते. बेर्डे यांचा लक्ष्या या वस्तीतला. याउलट महेश जाधव हा पोलीस अधिकारी न भितो, न कोणाच्या हसण्याचा विषय होतो. तो शूर आहे, आणि म्हणूनच चित्रपटाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी आहे. त्याला शेवटी गोळी झाडण्यापुरते आणावे लागते.

तात्याची मानवी भूमिका आणि बाहुल्याचा आवाज दिलीप प्रभावळकर यांचा. ‘एक डाव भुताचा’ (१९८२) या, द. मा. मिरासदारांच्या लेखणीतून उतरलेल्या चित्रपटात भूत आणि मास्तर यांची दोस्ती दाखविली होती. त्यात प्रभावळकर भुताच्या आणि अशोक सराफ मास्तरांच्या भूमिकेत होते. तेथील भूत प्रेमळ असल्यामुळे रसविरोधाचा प्रश्नच उद्भवला नाही. भय काढून टाकले की हास्य निर्वेधपणे चालते. दहा-अकरा वर्षांनी तोच नट बाहुल्याच्या तोंडून बोलतो तेव्हा त्या आवाजात प्रेमळपणाचा लवलेशही नाही. वाक्ये विनोदी आहेत, उच्चार मात्र द्वेषाने भरलेला आहे. विनोदी वाक्य गंभीर द्वेषाने उच्चारणे ही कठीण कला होय. आमच्या नगरचेच सदाशिव अमरापूरकर यांनी ‘सडक’ (१९९१) या हिंदी चित्रपटातील महाराणीच्या भूमिकेत ती साधली होती. हसू येते आणि त्याच क्षणी हसल्याची लाज वाटते, असा तो अभिनय होता.

हिंदीतील भयपटांची वहिवाट निराळी होती. रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ (१९८४) घ्या: मुख्य कथेत सैतान, आणि तिला समांतर जगदीप यांचे ‘शोले’च्या विडंबनाचे स्वतंत्र प्रहसन. दोन रस दोन डब्यांत ठेवले, आळीपाळीने उघडले. यात विरोध मिटत नाही, टाळला जातो. मात्र या चित्रपटांनी लहान गावांतील प्रेक्षक तयार केला हे मान्य केले पाहिजे. आणि भयपट मुख्यतः कॅसेटवर पाहावयाचा असतो, ही सवयही त्याच काळात लागली.

येथे भिंगारसारख्या गावाचा विचार करणे उपयुक्त ठरेल. भिंगार हे छावणीचे गाव, नगर शहराच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) अगदी कुशीत. चित्रपटगृहे काही दूर नव्हती. तरीही १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांनंतर रंगीत दूरचित्रवाणी आणि पाठोपाठ व्हीसीआर आला तेव्हा लहान गावांतील चित्रपट पाहण्याची रीतच पालटली. यंत्र विकत घेणे थोड्यांनाच परवडे. ते रात्रीपुरते भाड्याने आणावयाचे, सोबत तीन-चार कॅसेटी, आणि वर्गणी काढलेली असल्यामुळे पहाटेपर्यंत एकही वाया जाऊ द्यावयाची नाही. गणेशोत्सवात मंडपापुढे पडदा, लग्नघरी अंगणात संच, हे दृश्य महाराष्ट्रात सर्वत्र होते. १९९१ च्या आखाती युद्धानंतर केबलच्या तारा गल्लोगल्ली आल्या. नव्वदीच्या अखेरीस सीडी आली. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी अठ्ठावीस रुपयांना आणि डीव्हीडी चौतीस रुपयांना विकावयास काढली तेव्हा चित्रपट ही भाजीबरोबर पिशवीतून घरी आणावयाची वस्तू झाली. ती कंपनीही पुढे बुडाली, आणि आता सारे भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आले आहे.

या स्थित्यंतराचा रसाच्या दृष्टीने विचार आपल्याकडे जवळजवळ झालेलाच नाही. चित्रपट घरी पाहिला काय आणि चित्रगृहात पाहिला काय, संहिता तीच, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः भयानक रसासाठी काळाची एकमार्गी गती आवश्यक असते. पुढे काय होणार हे आपल्या हाती नाही, या असाहाय्यतेवर भय पोसले जाते. ज्याच्या हाती रिमोट आहे तो असाहाय्य नसतो. तो भीतिदायक प्रसंग पुढे पळवितो, आवडता प्रसंग मागे आणून पुन्हा पाहतो, चहा आला की तात्या विंचूला सुरी उगारलेल्या अवस्थेत थांबवून ठेवतो. सव्वादोन-अडीच तासांचा मराठी चित्रपट व्हीसीडीवर दोन चकत्यांत विभागावा लागे, कारण एका चकतीवर सुमारे सव्वा तासच मावतो. चित्रगृहातील मध्यंतर दिग्दर्शकाने हेतुपुरस्सर एखाद्या ताणाच्या बिंदूवर घेतलेले असते; चकती बदलण्याचे मध्यंतर कोठेही पडते. आणि मुख्य म्हणजे दहाव्या वेळी पाहताना कोण केव्हा कोठून येणार हे पाठ झालेले असते.

भय पुनरावृत्तीने झिजते. हास्य झिजत नाही. उलट पुनरावृत्तीने त्याला ओळखीची गोडी येते. परिणामी त्याच चित्रपटाच्या दोन रसांपैकी एक हळूहळू निथळून गेला आणि दुसराच उरला. ज्या मुलाला प्रथम पाहताना बाहुल्याच्या भीतीने रात्री झोप आली नाही तेच मूल वर्षभराने त्याच्या मंत्राची नक्कल करून घरच्यांना हसवू लागले, हा अनुभव एखाद्या घरचा नाही. भिंगारमध्ये ज्या ज्या घरी विचारावे तेथे हेच ऐकावयास मिळते. बाहुला भीतीचा विषय राहिला नाही. तो कुटुंबातला झाला. लग्नसमारंभात, शाळेच्या संमेलनात, रामदास आणि सत्यजित पाध्ये यांच्या कार्यक्रमांत त्याला टाळी मिळू लागली.

याच्याच जोडीने दुसरी एक गोष्ट घडली. मूळ चित्रपटाची साधने तोकडी होती. बाहुल्याची हालचाल जागोजागी धक्के खात होते, आणि हे धक्के वारंवार पाहणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाहीत. अशा उघड्या पडलेल्या कृत्रिमतेवर प्रेम करण्याच्या अभिरुचीला पाश्चात्त्य समीक्षेत ‘कॅम्प’ म्हणतात. सुझन सॉन्टॅग यांनी १९६४ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात तिचे दोन प्रकार केले: एक भाबडा, ज्यात कर्ता गंभीर असतो आणि गांभीर्य फसते, दुसरा जाणूनबुजून केलेला. पहिला प्रकार त्यांना अधिक समाधानकारक वाटला. ‘झपाटलेला’ यांपैकी कशातच पुरता बसत नाही, कारण त्यात विनोद हेतुतः आहे आणि भयही हेतुतः आहे. परंतु घरच्या पडद्यावर त्याचे रूपांतर पहिल्या प्रकारात झाले. प्रेक्षकाने त्यातील गंभीर भयाला फसलेले गांभीर्य ठरविले आणि त्यावरच प्रेम केले. हे प्रेम खोटे नाही. पण ज्यावर ते बसले ती वस्तू १९९३ साली चित्रगृहात दाखविलेली वस्तू नव्हे.

उत्तरभाग या प्रेमाला उद्देशून काढलेला आहे. लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी निवर्तले. त्याच वर्षी आलेल्या कोठारे यांच्या ‘पछाडलेला’त त्यांची भूमिका होती. त्या चित्रपटात झपाटले जाण्याचा भार भरत जाधव यांनी वाहिला. तो उत्तरभाग नसला तरी त्याच कुळातला आहे, आणि भयाचा आश्रय एका भोळ्या माणसात ठेवण्याचे तत्त्व त्याने पाळल्यामुळे त्यातील काही भाग आजही टिकून आहे. ‘झपाटलेला २’ मध्ये मात्र आश्रयाची जागा रिकामी आहे. लक्ष्याचा मुलगा आदित्य बोलके याची भूमिका दिग्दर्शकाचे चिरंजीव आदिनाथ कोठारे यांनी केली आहे. कथेच्या तर्काने हे योग्य आहे: पिता गेला, आता पुत्राच्या देहावर तात्याचा डोळा. परंतु हा पुत्र देखणा आहे, धडधाकट आहे, नायक आहे. त्याच्या भिण्यावर कोणाला हसू येत नाही, आणि म्हणून त्याच्या भिण्याची आपणांस भीतीही वाटत नाही. आनंदवर्धनाच्या भाषेत सांगावयाचे तर आलंबन आहे, आश्रय नाही.

शिवाय अविश्वासाचे यंत्रही मोडले आहे. पहिल्या भागाचा सारा ताण ‘बाहुला बोलतो’ हे कोणी मानीत नाही यावर होता. दुसऱ्या भागाच्या प्रेक्षकाला ते वीस वर्षे ठाऊक आहे. इतकेच नव्हे, तो त्यासाठीच आला आहे. बाहुल्याने प्रथम डोळे उघडले की ओळखीच्या नटाचे रंगमंचावर आगमन व्हावे तसे स्वागत होते. जो येण्याची वाट पाहिली जाते त्याचे भय कसले?

त्रिमितीचा अवलंब हा या पोकळीवरचा उपाय होता, असे आम्हांस वाटते. मराठीतील पहिला त्रिमिती चित्रपट म्हणून त्याची जाहिरात झाली. कोठारे यांना तंत्राची हौस पूर्वीपासून. ‘धडाकेबाज’ (१९९०) त्यांनी सिनेमास्कोपमध्ये काढला होता, आणि मराठी चित्रपटाने तंत्रात मागे राहू नये ही त्यांची तळमळ आदरणीयच आहे. परंतु त्रिमिती अंगावर वस्तू फेकू शकते. ती दचकविते, भिवविते असे नाही. दचकणे ही शरीराची क्रिया, भय हा चित्ताचा व्यापार. आणि यातील विपर्यास असा की, ज्या प्रेक्षकाचे प्रेम छोट्या पडद्यावर जडले त्याला भेटण्यासाठी चष्मा लावून चित्रगृहात बोलाविले. पुढे हाच उत्तरभाग वाहिन्यांवर सपाट होऊन आला, आणि मग त्याच्यापाशी दाखविण्यासारखे काय उरले हे ज्याने त्याने पाहिले.

योगायोग असा की, २०१३ सालीच अमेरिकेत चकीच्या मालिकेतील ‘कर्स ऑफ चकी’ हा सहावा चित्रपट निघाला. या मालिकेनेही मधल्या काळात हाच मार्ग चोखाळला होता: १९९८ च्या ‘ब्राइड ऑफ चकी’पासून तिने भय जवळजवळ टाकून दिले होते आणि बाहुला हाच नट झाला होता. २०१३ चा भाग मात्र चित्रगृहांसाठी नव्हे, थेट घरगुती व्हिडिओसाठी काढलेला. साधने तुटपुंजी, सारे कथानक जवळजवळ एका घरात. मूळ कल्पनेचे जनक डॉन मॅन्सिनी यांनीच तो दिग्दर्शित केला. प्रमुख भूमिकेत फिओना डूरिफ, म्हणजे चकीला आवाज देणारे ब्रॅड डूरिफ यांची कन्या. तेथेही अपत्य, येथेही अपत्य. तेथेही तोच बाहुला, येथेही. परंतु तेथील नायिका चाकाच्या खुर्चीला खिळलेली आहे आणि तिच्या बोलण्याला घरात किंमत नाही. आश्रय पुन्हा सापडला. आणि त्याबरोबर भयही परतले. घरच्या पडद्यासाठीच काढलेल्या चित्रपटाने घरच्या पडद्याने झिजविलेले भय परत मिळवावे, आणि चित्रगृहासाठी काढलेल्या महागड्या चित्रपटाला ते साधू नये, ही घटना विचार करावयास लावणारी आहे. घरगुती व्हिडिओ म्हणजे दुय्यम माल, या आपल्या समजुतीलाही तिने धक्का द्यावयास हवा.

मराठी प्रेक्षकाच्या बाबतीत आश्रयाची ही जागा पुढे भरली गेली ती निराळ्या हातांनी. आदित्य सरपोतदार यांनी ‘झोंबिवली’ (२०२२) मध्ये डोंबिवलीच्या मध्यमवर्गीय वसाहतीत जिवंत प्रेते आणली. तो प्रयत्न कल्पक असला तरी तेथे संकट सर्वांनाच दिसते, आणि सर्वांना दिसणाऱ्या संकटाचा पळापळीखेरीज दुसरा उपयोग होत नाही. त्यांचाच हिंदी चित्रपट ‘मुंज्या’ ७ जून २०२४ रोजी प्रदर्शित झाला. ‘झपाटलेला २’ ही २०१३ सालच्या त्याच तारखेला आला होता. ‘मुंज्या’तील भूत कोकणातले, नाव आपल्या लोककथेतले, रूप संगणकाने घडविलेले. त्याच्यामागे रामदास पाध्यांचे हात नाहीत, आणि ती उणीव जाणवतेच. संगणकाच्या आकृतीला वजन नसते, ती कोणाच्या मांडीवर बसू शकत नाही. परंतु बिट्टू हा त्यातील तरुण बुजरा आहे, आईच्या धाकात आहे, आणि मुंज्या केवळ त्यालाच दिसतो. इतरांना दिसते ते एवढेच की, हा मुलगा हवेशी भांडतो आहे. ते त्याला हसतात. पुण्यात राहणाऱ्या या मुलाचे आडनाव बोलके नाही, आणि त्याच्या हाती बाहुलाही नाही. तरी ‘झपाटलेला’चा उत्तरभाग शोधावयाचा झाला तर तो २०१३ मध्ये न शोधता येथे शोधावा लागेल.